पुलीवरची सहा डिग्री

तिसऱ्या सिलिंडरचा पिस्टन बाहेर काढला तेव्हा वरच्या दोन रिंगांच्या मधला ॲल्युमिनियमचा काठ एका बाजूने तुटलेला होता, एक तुकडा रिंगबरोबरच हातात आला आणि दुसरा, नखाएवढा, ऑईल संपच्या तळाशी सापडला. बाकीचे तीन पिस्टन धड होते. बाजूला लॅपटॉपवर त्या दिवशीचा लॉग उघडाच होता, ४,००० आरपीएम, मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे सिलिंडरला हवा पुरवणाऱ्या नळ्यांत, दाब १५० किलोपास्कल, टायमिंग, म्हणजे पिस्टन वर पोचायच्या किती आधी ठिणगी पडते ते, १८ डिग्री. १८ जरा जास्तच होतं हे मला माहीत होतं, पण एवढ्याने पिस्टन फुटेल हे पटत नव्हतं, त्यामुळे पुढचे दोन दिवस मी इंजेक्टर, पेट्रोल, इंटरकूलर सगळ्यांवर संशय घेत बसलो. मग एका जाणत्या मित्राला फोन केला, त्याने सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "पुलीवरची खूण खरी आहे का ते बघितलंयस?"

बघितलंच नव्हतं. पुली म्हणजे क्रँकच्या, पिस्टनच्या जोराने फिरणाऱ्या दांड्याच्या, टोकावरचं चाक, त्यावरच्या खुणेवरूनच टायमिंग तपासतात.

गाडी साधी आहे. १६०० सीसी, चार सिलिंडर, कम्प्रेशन ९.५, कंपनीतून टर्बो, म्हणजे एक्झॉस्टच्या जोरावर फिरून इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखा, नव्हताच. टर्बो दुसऱ्या गाडीवरचा जुना, ती दाबलेली हवा थंड करणारा इंटरकूलर पण जुना, एक्झॉस्ट मॅनिफोल्ड स्वतः वेल्डिंग करून बनवलेला, ईसीयू, म्हणजे इंजिन चालवणारा कॉम्प्युटर, अर्डुइनोवर चालणारा स्पीडुइनो, आणि बूस्ट, म्हणजे बाहेरच्या हवेपेक्षा जादा दाब, फक्त ०.५ बार, म्हणजे साडेसात पीएसआयच्या आत. कमी पैशात टर्बो करणाऱ्या बहुतेकांचं असंच असतं, पिस्टन मूळचे, हेड गॅस्केट मूळचं, पेट्रोल ९५ ऑक्टेनचं. अशा इंजिनात चुकीला जागा फार कमी असते आणि ती जेवढी असते तेवढी बहुतेक सगळी टायमिंगमध्येच खर्च होते, म्हणून आज त्यावरच लिहितोय, जरा सविस्तर, कारण हे मला आधी कोणी नीट सांगितलं असतं तर तो पिस्टन आज इंजिनात असता.

आधी टायमिंग म्हणजे नेमकं काय ते. पिस्टन अगदी वर पोचतो त्या जागेला टीडीसी म्हणतात आणि ठिणगी त्याच्या आधीच पाडावी लागते, कारण पेट्रोल-हवेचं मिश्रण बॉम्बसारखं एकदम फुटत नाही, प्लगपासून ज्वाला सुरू होते आणि पसरत पसरत सिलिंडरच्या भिंतीपर्यंत जाते, त्याला साधारण दोन-तीन मिलिसेकंद लागतात. ऐकायला काहीच नाही, पण क्रँक तोपर्यंत थांबत नाही ना. १,००० आरपीएमला एका मिलिसेकंदात क्रँक ६ डिग्री फिरतो, ३,००० ला १८, आणि ६,००० ला ३६. आपल्याला हवं असतं की दाब सगळ्यात जास्त तेव्हा व्हावा जेव्हा पिस्टन टीडीसी ओलांडून साधारण १४ ते १६ डिग्री खाली आलाय, तिथे त्या दाबाचा टॉर्क सगळ्यात चांगला निघतो, म्हणून ठिणगी तेवढी आधी. फार आधी पाडली तर पिस्टन वर यायचाच असतो आणि दाब त्याच्या डोक्यावर, फार उशिरा पाडली तर पिस्टन खाली पळतोय आणि ज्वाला त्याच्या मागे. इंजिन जोरात फिरायला लागलं की आत हवा घुसळते आणि ज्वाला पण जास्त वेगात पळते, त्यामुळे आरपीएम दुप्पट झालं म्हणून ॲडव्हान्स, म्हणजे ठिणगी जेवढ्या डिग्री आधी पाडतो तो आकडा, दुप्पट लागत नाही, थोडाच वाढवावा लागतो.

आणि मिश्रण विरळ असेल, म्हणजे पाय जेमतेम ठेवून सरळ रस्त्यावर आरामात चाललोय, तर ज्वाला हळू चालते, तिथे ३५-४० डिग्री सुद्धा लागतात आणि त्यात काही धोका नसतो. मी सुरुवातीला घाबरून हा भाग पण २५ वर ठेवला होता आणि गाडी उगाच पेट्रोल पित होती, पिकअप मेलेला होता. ईसीयूमध्ये आरपीएम आणि दाबाप्रमाणे टायमिंगचं एक टेबल भरलेलं असतं, बूस्टची भीती बूस्टच्या रकान्यातच ठेवायची, सगळ्या टेबलभर पसरवायची नाही.

आता बूस्ट आला की काय बदलतं. एक म्हणजे त्याच जागेत जास्त हवा आणि जास्त पेट्रोल कोंबलेलं, दाट मिश्रण लवकर जळतं, त्यामुळे ठिणगी तेवढी आधी लागतच नाही. दुसरं जास्त महत्त्वाचं, उष्णता. हवा दाबली की तापते. बाहेर ३० अंश असेल आणि आपण ०.५ बार दाबतोय तर शंभर टक्के कार्यक्षम कॉम्प्रेसर असता तरी हवा ६५-६७ अंशांवर गेली असती, आणि आपला जुना टर्बो तसा नसतो, इंटरकूलरच्या आधी ८५-९० अंश सहज होतात. इंटरकूलर त्यातलं बरंच काढून घेतो, सगळं नाही. ही गरम, दाट हवा सिलिंडरमध्ये जाऊन पुन्हा साडेनऊ पट दाबली जाणार, मग ठिणगी, मग ज्वाला पसरत जाते आणि पुढचं न जळलेलं मिश्रण कोपऱ्यात आणखी दाबलं जातं, आणखी तापतं. ज्वाला तिथे पोचायच्या आधीच ते कोपऱ्यातलं मिश्रण आपलं आपणच पेटलं की ते नॉकिंग. तो आवाज म्हणजे धातूवर धातू आपटत नसतो, आतला दाब एकदम उसळून सिलिंडरमध्ये लाटेसारखा इकडून तिकडे आदळत असतो. ती लाट किती वेगाने थरथरते ते सिलिंडरच्या व्यासावर ठरतं, ८० मिलिमीटरच्या आसपास व्यास असेल तर साधारण सात किलोहर्ट्झ, नॉक सेन्सर त्याच आवाजाकडे कान लावून बसलेला असतो.

नॉकिंगने पिस्टन लगेच मरेलच असं नाही. साध्या इंजिनात चढावर थोडं टकटक झालं तर वर्षानुवर्षं काही होत नाही. पण बूस्टमध्ये प्रत्येक ठोक्यामागे दाब मुळातच जास्त, आणि त्या लाटेने पिस्टनवरचा आणि भिंतींवरचा वायूचा पातळ थंडसर थर उडून जातो, उष्णता थेट धातूत शिरते. मूळचे ओतीव पिस्टन कडक असले तरी ठिसूळ असतात, ते वाकत नाहीत, रिंगांमधला काठ सरळ तुटतो. माझं तेच झालं.

टर्बो आणि नॉकिंगचं हे भांडण जुनं आहे. ओल्डस्मोबिलने १९६२ मध्ये जेटफायर नावाची टर्बो गाडी काढली, कम्प्रेशन तब्बल १०.२५, आणि नॉकिंग होऊ नये म्हणून ते पाणी आणि मेथेनॉलचं मिश्रण आत फवारायचे, त्याची वेगळी टाकी भरून ठेवावी लागायची. मालक टाकी भरायचे विसरायचे हा त्या गाडीचा मोठा त्रास होता. पुढे ऐंशीच्या दशकात साबने एपीसी म्हणून यंत्रणा आणली, ब्लॉकवरचा सेन्सर नॉकिंग ऐकायचा आणि बूस्ट कमी करायचा. मला ही कल्पना फार आवडते, इंजिनाचं ऐकून घेऊन मग ठरवणं. आजच्या कारखान्यातून येणाऱ्या प्रत्येक टर्बो पेट्रोल गाडीत हे चालूच असतं, सेकंदात कितीतरी वेळा टायमिंग मागे-पुढे होत असतं आणि चालवणाऱ्याला पत्ता पण लागत नाही. आपल्या घरगुती टर्बोत तो ऐकणारा कान आपल्यालाच बसवावा लागतो.

तर खुणेकडे येतो. ईसीयू लावल्यावर सगळ्यात पहिलं काम असतं ते म्हणजे टायमिंग एका आकड्यावर लॉक करायचं, मी १० डिग्री केलं, मग टायमिंग लाईट पहिल्या सिलिंडरच्या वायरला लावायची, पुलीवर झोत मारायचा आणि पुलीवरची खूण १० वर दिसेपर्यंत सॉफ्टवेअरमधला ट्रिगर अँगल, म्हणजे क्रँक सेन्सरचा सिग्नल आणि टीडीसी यांतलं अंतर, मागेपुढे करायचा. हे एकदा जुळलं की स्क्रीनवरचा आकडा आणि क्रँकची खरी जागा एक झाली असं आपण धरतो. मी पण धरलं. पण हे सगळं ज्या खुणेवर उभं आहे ती खूण पुलीच्या बाहेरच्या रिंगवर असते, आणि पुष्कळ गाड्यांत ती रिंग आतल्या भागाला रबराने चिकटवलेली असते, थरथर शोषून घ्यायला. रबर जुनं झालं की रिंग घसरते. माझी फिरण्याच्या दिशेने पुढे घसरली होती, म्हणजे खूण खऱ्या टीडीसीच्या आधीच इंजिनावरच्या स्थिर काट्यासमोर येत होती. लाईटमध्ये मला १० दिसत होते तेव्हा खरे १६ होते. लॉगमध्ये १८ दिसत होते तेव्हा खरे २४.

आता ४,००० आरपीएमला, १५० किलोपास्कलला, ९.५ कम्प्रेशनवर, ९५ ऑक्टेनवर २४ डिग्री म्हणजे पिस्टन तेवढा टिकला हेच विशेष.

हे तपासायला काही महागडं लागत नाही. सगळे प्लग काढायचे, बॅटरीची वायर काढायची, पहिल्या सिलिंडरच्या प्लगच्या भोकात पिस्टन स्टॉप बसवायचा, जुन्या प्लगचं पोर्सेलिन काढून त्यात गोल टोकाचा बोल्ट घट्ट बसवला तरी चालतो. मग क्रँक पान्याने हाताने, अगदी हळू, फिरवायचा, पिस्टन स्टॉपला टेकला की थांबायचं आणि पुलीवर काट्यासमोर पेन्सिलने रेघ मारायची. मग उलटा फिरवायचा, दुसऱ्या बाजूने टेकेल, तिथे दुसरी रेघ. दोन रेघांच्या बरोबर मधोमध खरी टीडीसी. स्टार्टर मारून हे करायचं नाही, कधीच नाही, पिस्टनला भोक पडेल. माझी पुली १४० मिलिमीटर व्यासाची, म्हणजे काठावर एक डिग्री साधारण १.२ मिलिमीटर, आणि खरी जागा छापलेल्या खुणेपासून सव्वासात मिलिमीटर लांब निघाली. मी तिथे बसून तीनदा मोजलं. सव्वासात मिलिमीटर, करंगळीच्या नखाएवढं अंतर, आणि त्यासाठी अख्खं इंजिन उघडलं.

रिंग उलट्या दिशेने घसरली असती तर इंजिन नुसतं मरगळलेलं वाटलं असतं आणि एक्झॉस्ट तापला असता, आणि मी तो दोष टर्बोच्या माथी मारला असता.

खूण जुळवताना अजून एक गोष्ट बघा. लॉक केलेलं टायमिंग आयडलला जुळलं म्हणून लाईट बाजूला ठेवू नका, गिअर न्यूट्रल ठेवून हळूहळू ४,००० पर्यंत न्या आणि खूण जागेवर थांबते का बघा. सरकत असेल तर क्रँक सेन्सरच्या दोन वायरी उलट्या लागलेल्या असायची दाट शक्यता, चुंबकीय सेन्सरचा सिग्नल ज्या कडेवर वाचायला हवा त्याच्या उलट कडेवर वाचला जातो आणि आरपीएम वाढेल तशी चूक वाढते. आणि वेस्टेड स्पार्क असेल, म्हणजे एका कॉईलवर दोन प्लग, तर डायल असलेली महागडी टायमिंग लाईट कधी कधी चुकीचं दाखवते, कारण तिला दोन फेऱ्यांत एकदाऐवजी दर फेऱ्याला ठिणगी दिसते. अशा वेळी साधी, बिनडायलची लाईट बरी.

ज्यांच्याकडे अजून डिस्ट्रिब्युटर, म्हणजे फिरत फिरत एकेका प्लगला ठिणगी वाटणारी जुनी यंत्रणा, आहे त्यांच्यासाठी थोडं. डिस्ट्रिब्युटर क्रँकच्या अर्ध्या वेगाने फिरतो, त्यामुळे तो हाताने एक डिग्री फिरवला की क्रँकवर दोन डिग्री बदलतात, अगदी केसभर हलवायचा. आतली वजनं आरपीएमप्रमाणे ॲडव्हान्स देतात आणि त्यांना बूस्ट म्हणजे काय ते माहीतच नाही. मग बरेच जण अख्खा डिस्ट्रिब्युटर ७-८ डिग्री मागे फिरवतात, नॉकिंग थांबतं खरं पण बूस्ट नसताना गाडी बैलगाडीसारखी चालते, आयडल गरम, पेट्रोल जास्त. मॅनिफोल्डमधल्या व्हॅक्यूमने ठिणगी आधी आणणाऱ्या व्हॅक्यूम ॲडव्हान्सचा डायफ्रॅम पण बूस्ट सोसायला बनवलेला नसतो, त्याच्या नळीत एकाच दिशेने उघडणारा व्हॉल्व्ह लावा. बूस्टप्रमाणे टायमिंग मागे घेणारा छोटा इलेक्ट्रॉनिक बॉक्स मिळतो, तो लावून बेस टायमिंग मूळच्या जागी ठेवणं हा मला त्यातल्या त्यात सरळ मार्ग वाटतो. त्याहून पुढे जायचं असेल तर ईसीयूच.

आता आकडे. जुना अंदाज असा सांगतात की बिनटर्बो इंजिन फुल थ्रॉटलला जे टायमिंग मागतं त्यातून प्रत्येक पीएसआय बूस्टमागे एक डिग्री काढायची. माझ्या इंजिनाला बूस्टशिवाय ४,००० ला साधारण २६ लागतात, सात पीएसआयचे सात काढले की १९. हा आकडा म्हणजे फक्त कागदावरचा अंदाज आहे, गाडी तिथून सुरू करायची नाही, मी आता अजून पाच-सहा कमी करून सुरू करतो. दुसरं, टेबल सरळ रेषेत उतरत नाही. इंजिनाचा टॉर्क जिथे सगळ्यात जास्त असतो, माझा ३,५०० च्या आसपास, तिथे सिलिंडर सगळ्यात जास्त भरतो आणि नॉकिंगला वेळही मिळतो, तिथे टायमिंग सगळ्यात कमी. त्याच्या वर आरपीएम वाढत गेलं की कोपऱ्यातल्या मिश्रणाला आपोआप पेटायला वेळ उरत नाही, तिथे हळूहळू डिग्री परत देता येतात. आज माझ्या १५० किलोपास्कलच्या रांगेत ३,५०० ला १२ आहेत, ४,५०० ला १४, आणि ५,५०० ला १७. हे माझ्या इंजिनाचे आकडे आहेत, तुमच्या कंबशन चेंबरचा आकार वेगळा, प्लगची जागा वेगळी, कॅम वेगळा, त्यामुळे हे उचलून टाकू नका.

टायमिंगला हात लावायच्या आधी पेट्रोलचं प्रमाण नीट करून घ्या, एक्झॉस्टमध्ये ते प्रमाण मोजणारा वाईडबँड सेन्सर लावून. बूस्टमध्ये एक भाग पेट्रोलला ११.५ ते १२ भाग हवा. मिश्रण लीन, म्हणजे पेट्रोल कमी, असताना टायमिंग ट्यून करणं म्हणजे ताप असताना वजन उचलायला जाणं. प्लग एक पायरी थंड, म्हणजे उष्णता लवकर बाहेर टाकणारा, घ्या आणि गॅप कमी करा, मी ०.७ मिलिमीटर ठेवलाय, मूळचा १.१ होता. दाट हवेतून ठिणगी उडी मारायला कॉईलला जास्त व्होल्टेज लागतं, गॅप मोठा असेल तर ठिणगी विझते, गाडी अडखळते, आणि नवीन माणसाला ते नॉकिंग वाटतं, मग तो टायमिंग मागे घेत बसतो आणि दुखणं तसंच.

ऐकायचं कसं. माझ्याकडे आधी काहीच नव्हतं, एक्झॉस्ट एवढा मोठा की आत बसून माझा स्वतःचा आवाज ऐकू येत नव्हता, आणि तरी मला वाटत होतं की नॉकिंग झालं तर कळेलच. नाही कळत. गाडी उलट छान पळत असते. आता ब्लॉकवर एक तांब्याची नळी बोल्टने आवळली आहे, तिचं टोक चपटं करून भोक पाडलंय, दुसऱ्या टोकाला रबरी नळी, ती खिडकीतून आत, आणि कारखान्यात वापरतात त्या कान झाकणाऱ्या मफच्या एका कपात भोक पाडून घुसवलेली. एवढंच. पण ऐकायची सवय आधी लावून घ्यायची, बूस्टशिवाय कमी आरपीएमला मुद्दाम थोडं टायमिंग वाढवून एक-दोनदा हलकी टिकटिक ऐकून घ्या, म्हणजे इंजेक्टरच्या टिकटिकीत आणि या आवाजात फरक कळतो. भाजलेले दाणे पत्र्यावर पडल्यासारखा कोरडा आवाज. एकदा ओळखला की विसरत नाही. ऐकणारा वेगळा आणि चालवणारा वेगळा हवा, एकट्याने हे करू नये, आणि उघड्या रस्त्यावर तर नाहीच, बंद ट्रॅक किंवा डायनो, म्हणजे गाडी जागेवरच रोलरवर पळवायचं यंत्र.

त्यानंतर प्लग. एक जोरदार पुल, म्हणजे फुल थ्रॉटलची एक धाव, मारून लगेच क्लच दाबून इंजिन बंद करायचं, गाडी थांबवून प्लग काढायचे आणि भिंगातून पोर्सेलिन बघायचं. मिरपूड भुरभुरल्यासारखे काळे ठिपके दिसले तर नॉकिंग सुरू झालंय. चमकणारे बारीक चंदेरी कण दिसले तर ते पिस्टनचं ॲल्युमिनियम आहे, त्या दिवसाचं काम तिथेच थांबवा. माझ्या जुन्या प्लगांचा फोटो मोबाईलमध्ये होता, पिस्टन फुटायच्या आठवडाभर आधीचा, मी तो "रंग छान तपकिरी आहे" म्हणून काढला होता. मोठा करून बघितला तर तिसऱ्या प्लगवर ते कण स्पष्ट आहेत. ते बघून फार वाईट वाटलं, इंजिनाने सांगितलं होतं.

पद्धत म्हणाल तर मी अशी करतो. बूस्ट कमीत कमी ठेवायचा, वेस्टगेटच्या, म्हणजे जादा एक्झॉस्ट टर्बोला वळसा घालून सोडणाऱ्या झडपेच्या, स्प्रिंगवर. तिसरा गिअर, ट्रॅकचा तोच भाग, तीच दिशा, २,५०० वरून फुल थ्रॉटल, आणि ३,००० ते ५,५०० ला किती सेकंद लागले ते लॉगमधून मोजायचं. पुढच्या पुलला त्या रांगेत दोन डिग्री वाढवायच्या, पुन्हा तेच. माझ्याकडे बूस्टच्या पूर्ण रांगेत दोन डिग्री मागे असताना ५.९ सेकंद आले, मग ५.६, मग ५.५, आणि त्यानंतर आणखी एक डिग्री दिल्यावर पुन्हा ५.५. म्हणजे त्या शेवटच्या डिग्रीने मला काहीच दिलं नाही, फक्त दाब वाढवला. ती लगेच काढून टाकली.

पण इथे एक बारीक गोष्ट आहे जी मला उशिरा समजली. पुस्तकात सांगतात की टॉर्क वाढायचा थांबेपर्यंत टायमिंग वाढवा आणि तिथे थांबा. बिनटर्बो इंजिनात किंवा चांगल्या ऑक्टेनवर हे खरं आहे. पण आपल्या ९.५ कम्प्रेशनच्या, साध्या पेट्रोलच्या टर्बो इंजिनात टॉर्क वाढायचा थांबायच्या कितीतरी आधी नॉकिंग येतं. माझ्याकडे ५,००० च्या वर टॉर्क आधी थांबला, पण ३,५०० ला प्रत्येक डिग्रीने गाडी जोरात ओढतच होती आणि १५ ला टिकटिक आली. म्हणजे "अजून ओढतेय, अजून देऊया" हा मोह नेमका सगळ्यात धोक्याच्या जागी होतो. तिथे घड्याळ उपयोगाचं नाही, कान उपयोगाचा. पहिली टिकटिक जिथे आली तिथून किमान दोन डिग्री मागे, मी तीन घेतल्या, म्हणून १२. हे तीन डिग्री मी उन्हासाठी, खराब पेट्रोलसाठी आणि माझ्या कानाच्या चुकीसाठी ठेवले आहेत.

मग कोणी म्हणेल की सरळ ५ डिग्री ठेवा, सुरक्षित. तसं नाही. टायमिंग फार मागे असलं की ज्वलन उशिरापर्यंत चालू राहतं, पेटलेला वायू व्हॉल्व्हमधून बाहेर पडतो आणि ती सगळी उष्णता एक्झॉस्टमध्ये जाते. रात्री बॉनेट उघडून बघितलंत तर एक्झॉस्ट मॅनिफोल्ड लालभडक दिसेल. टर्बाईनच्या आधी ९०० अंशांच्या वर सतत राहिलं तर ओतीव मॅनिफोल्डला तडे जातात, टर्बोचं घर तडकतं, एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जळतात. शक्ती पण जाते आणि वस्तू पण जातात. एवढं मागे घेतल्याशिवाय नॉकिंग थांबत नसेल तर दुखणं टायमिंगचं नाही, बूस्ट कमी करा, इंटरकूलर मोठा करा, चांगलं पेट्रोल टाका.

तापमानाचं कलम ईसीयूमध्ये नक्की भरा. पहिल्या पुलला हवा ४० अंशांची असते, लागोपाठ तिसऱ्या पुलला ६०. पहिल्याला शांत असलेलं इंजिन तिसऱ्याला टिकटिकतं हे मी स्वतः ऐकलंय. मी ४५ अंशांच्या वर टायमिंग हळूहळू मागे जाईल असं ठेवलंय, ६५ ला चार डिग्री मागे. त्यासाठी हवेचा सेन्सर इंटरकूलरच्या नंतर हवा, एअर फिल्टरजवळ असेल तर तो बाहेरची हवा मोजत बसतो, त्याचा काही उपयोग नाही.

आणि एक, नॉकिंग आणि प्री-इग्निशन वेगळं. नॉकिंग ठिणगीनंतर होतं, टायमिंगने आटोक्यात येतं. प्री-इग्निशनमध्ये ठिणगीच्या आधीच काहीतरी तापलेलं, प्लगचं टोक, काजळीचा निखारा, मिश्रण पेटवतं, तिथे टायमिंग मागे घेऊन काही होत नाही कारण ठिणगीला विचारतंय कोण. त्यात पिस्टनच्या मधोमध भोक पडतं आणि ते काही सेकंदात. चुकीच्या गरम प्लगने हे होतं, म्हणून तो थंड प्लग.

सध्या नवीन पिस्टन बसून हजारभर किलोमीटर झालेत. पुली नवीन घेतली, बसवायच्या आधी स्टॉप लावून टीडीसी काढली आणि रिंग व आतला भाग दोन्हींवरून जाईल अशी पांढऱ्या रंगाची एकच आडवी रेघ मारली, रिंग पुन्हा घसरली तर रेघ तुटलेली दिसेल. दर ऑईल बदलताना टॉर्च मारून बघतो. परवाच्या प्लगांत तिसरा अजूनही बाकीच्यांपेक्षा किंचित पांढरा आहे, कण नाहीत, ठिपके नाहीत, पण पांढरा आहे, म्हणजे तिथे मिश्रण थोडं लीन असावं. तिसऱ्याचा इंजेक्टर पहिल्याच्या जागी टाकून बघणार आहे, पांढरेपणा इंजेक्टरबरोबर पहिल्याकडे गेला तर इंजेक्टर, तिथेच राहिला तर हवेच्या मॅनिफोल्डमधली वाटणी. तोपर्यंत ३,५०० चे १२ डिग्री ११ केलेत.